छप्पर कापलेली मायनर

दार लागेना.

जानेवारीतला शनिवार, सकाळी नऊचा सुमार, कॉव्हेंट्रीतल्या आमच्या घरामागचं गॅरेज. माझ्या जुन्या मॉरिस मायनर मोटारीच्या पुढच्या ट्रनियनना, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या सांध्यांना, ग्रीस भरायचं होतं. हे काम टाळलं तर पुढचं चाक एक दिवस भर रस्त्यात गुडघे टेकतं, हे मायनरवाल्यांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हिला जॅक लावायची जागा दाराच्या बरोबर खाली, मधल्या आडव्या बीमच्या टोकाशी. डावी बाजू वर उचलली, सीटवर राहिलेली ग्रीसगन घ्यायला दार उघडलं आणि लावायला गेलो तर ते आपटून परत आलं. पुन्हा ढकललं, पुन्हा परत. वाकून बघितलं. दाराच्या मागच्या कडेची फट खाली नेहमीसारखीच होती, पण वर माझी करंगळी आरामात आत जाईल एवढी फाकली होती. जॅक खाली केला, फट मिटली, दार गुपचूप लागलं.

मी जॅक चार वेळा वरखाली केला. गाडी पुस्तकासारखी उघडत-मिटत होती. या पुस्तकाचे मी तीन महिन्यांपूर्वी 8,600 पौंड मोजले होते.

आता थोडं मागे जातो, कारण मी या खेळात नवखा नव्हतो. माझे आजोबा मिरजेत डॉक्टर. त्यांच्याकडे बेबी हिंदुस्तान होती, म्हणजे मॉरिस मायनरच, फक्त उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार झालेली. 918 सीसीचं इंजिन, बेडग-म्हैसाळच्या कच्च्या रस्त्यांवर पेशंट बघायला जायचं असलं की मला शेजारी बसवायचे. किल्ली फिरवली की पेट्रोलचा पंप टक-टक-टक करायचा. कार्ब्युरेटर भरला की टकटक थांबायची, मग आजोबा स्टार्टरची मूठ ओढायचे. त्या दोन आवाजांच्या मधली शांतता मला आजही झोपेत ऐकू येते.

1994 साली नोकरीसाठी इंग्लंडात आलो. तीन वर्षांत पहिली मायनर दारात उभी राहिली, 1967ची सलून, म्हणजे बंद छपराची. मग एक ऑस्टिन ए-35, एक 850ची मिनी, आणि एक मायनर ट्रॅव्हलर. ट्रॅव्हलरच्या मागच्या भागाला ॲशच्या लाकडाचा सांगाडा असतो. तो शोभेचा नाही, मागची सगळी बॉडी त्याच्यावर उभी असते. ते लाकूड बदलण्यात माझे दोन हिवाळे गेले. बायको विचारायची, "अहो, हिला वाळवी लागली तर विमा मिळतो का?" सांगायचा मुद्दा हा की वेल्डिंग, पत्रा, गंज, हे सगळं माझ्या हाताखालून गेलेलं होतं. क्लबातले नवे लोक गाडी घेण्याआधी मला सोबत न्यायचे.

राहिली होती ती उघडी मायनर. कन्व्हर्टिबल. पावसाच्या देशात छप्पर नसलेली गाडी कशाला, हा प्रश्न घरात विचारून झाला होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या हौसेला चांगलंच मोल आहे. कारखान्यातून निघालेल्या उघड्या मायनर 1969 साली बंद झाल्या. सलूनच्या मानाने त्या कमीच होत्या, त्यामुळे मला दिसणाऱ्या किमती सलूनच्या जवळपास दुप्पट असायच्या. जिथे असा फरक असतो तिथे कुणीतरी ग्राइंडर घेऊन उभा असतोच. दोन दारांची सलून घ्यायची, छप्पर कापायचं, वर कापडी हूड बसवायचं. यात बेकायदा काही नाही, आणि नीट केलं तर वाईटही नाही. जाणकार लोक त्यासाठी आत मजबुतीच्या पट्ट्या आणि कोपरे वेल्ड करतात आणि विकताना तसं स्पष्ट सांगतात. कारण या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. बुटांच्या खोक्याचं झाकण काढा आणि खोकं दोन्ही हातांनी पिळून बघा, म्हणजे छप्पर काय काम करतं ते कळेल.

हे सगळं मला माहीत होतं. लोकांना मीच सांगायचो.

जाहिरात लिंकनशरमधल्या एका खेड्यातली. 1965ची, हिरवी, कारखान्यातली अस्सल कन्व्हर्टिबल, 9,200 पौंड. फोनवर बोलणं सुरू झालं आणि मी पहिली चूक तिथेच केली. गाडीबद्दल विचारायच्या ऐवजी आजोबांबद्दल सांगत बसलो. मिरज, बेबी हिंदुस्तान, सगळं. चार दिवसांनी आम्ही दोघं तिथे पोचलो तेव्हा तो गृहस्थ म्हणाला, गाडी त्याच्या काकांची, काका तरुणपणी कलकत्त्याला नोकरीला होते, तिथल्या मायनरच्या आठवणीने त्यांनी ही घेतली. मी विरघळलो. बायकोने माझ्याकडे एक नजर टाकली, तिचा अर्थ मला जानेवारीत कळला. चावी मीच दिली होती, त्याने फक्त फिरवली.

पुढचं मात्र कसबाचं काम होतं. त्याने मला टॉर्च दिला, अंगावर घालायला जुना डगला दिला आणि म्हणाला, "तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तुम्हीच बघा, मी चहा टाकतो." मी गाडीखाली शिरलो. मागच्या उजव्या चाकात ब्रेकचं सिलिंडर गळत होतं. मागच्या स्प्रिंगचे रबरी बुश पार गेलेले. मी बाहेर येऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या, त्याने कपाळाला हात लावला, "हे मला कुणीच सांगितलं नव्हतं हो," आणि सहाशे कमी केले. मी जिंकलो होतो. आज विचार करतो तर ते दोन्ही दोष जरा जास्तच समोर होते. खाली सगळीकडे काळं अंडरसील, म्हणजे गंज रोखणारा लेप, ताजं मारलेलं, आणि गळणारं चाक तेवढं स्वच्छ पुसलेलं. शोधणाऱ्याला काहीतरी सापडू द्यायचं, म्हणजे तो शोधायचा थांबतो.

चासीची पाटी मी बघितली नाही असं नाही. बॉनेट उघडलं की मागच्या पत्र्यावर असते. कन्व्हर्टिबलच्या नंबरात टी हे अक्षर असतं, टूररचं. या काळातल्या दोन दारांच्या सलूनला त्या जागी 2 एस. पाटीवर एम ए टी 5 असंच होतं. पण पाटी नवीकोरी होती, आणि तिचे रिव्हेट पितळेच्या समईसारखे चकाकत होते, भोवतीचा पत्रा मात्र साठ वर्षांचा. "जुनी गंजून गेली होती, नंबर तोच ठोकून घेतला," तो म्हणाला. अशा कोऱ्या पाट्या विकत मिळतात आणि प्रामाणिक लोकही त्या लावतात, म्हणून मी मान डोलावली. लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदात, नंबरचे नुसते आकडे होते, पुढची अक्षरं नव्हती. जुन्या कागदांत असं असतं. प्रत्येक गोष्टीला एक उत्तर होतं आणि एकेक उत्तर सुटं घेतलं तर पटण्यासारखं होतं.

लॉगबुकावर नाव त्याचं नव्हतं, काकांचं म्हणून दाखवलं. आडनाव वेगळं. आईकडचे काका. वार्षिक तपासणी? "आता चाळीस वर्षांवरच्या गाडीला लागत नाही ना." खरं आहे, 2018च्या मेपासून लागत नाही, पण ज्या गाडीची बॉडी गेल्या तीस वर्षांत मुळातून बदलली आहे तिला ही सूट नाही. जुन्या तपासण्यांची नोंद गाडीच्या नंबरावरून घरबसल्या फुकट बघता येते. मी ती बघितली होती. शेवटची तपासणी 2016ची, गंजामुळे नापास, त्यानंतर काही नाही. मी मनाशी म्हटलं, काकांनी नंतर दुरुस्त करून घेतली असेल.

निम्मे पैसे रोख, निम्मे बँकेतून दिले. खातं कुठल्याशा तिसऱ्याच नावाचं. हेही मी बघितलं.

घरी येताना गाडी थरथरत होती. खड्डा आला की स्टिअरिंग एकीकडे आणि काच दुसरीकडे. उघड्या गाड्या थोड्या थरथरतातच, असं मी बायकोला समजावलं. ती म्हणाली, "थोड्या?"

जॅकच्या त्या सकाळी मी क्लबातल्या एका म्हातारबुवांना बोलावलं. काउलीला, जिथे मायनर बनायच्या, तिथे बॉडी शॉपमध्ये त्यांचं उमेदीचं आयुष्य गेलेलं. त्यांनी खिशातून फ्रिजवर लावतात तसलं लोहचुंबक काढलं आणि मागच्या सीटच्या बाजूने, हूडच्या कडेखालून फिरवत नेलं. ते वीतभर चिकटत गेलं आणि मग टपकन खाली पडलं. तिथून पुढे पत्रा नव्हता, बॉडी फिलर होता, पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी. त्यांनी स्क्रूड्रायव्हरने कड खरवडली तर खाली ग्राइंडरच्या तबकडीच्या तिरक्या रेघा, अगदी स्पष्ट. मग ते पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरले. कारखान्यातल्या कन्व्हर्टिबलला तिथे एक जाड आडवी मजबुती असते. इथे नुसत्या वायरी. दारामागच्या खांबांच्या पायथ्याशी कोपरे असायला हवेत, तेही नाहीत. कार्पेट उचललं तर सिलच्या, म्हणजे दाराखालच्या आडव्या पेटीच्या आत, जिथे नवा हिरवा रंग पोचला नव्हता, तिथे दुधाळ कोकोसारखा रंग दिसला. मॉरिसच्या यादीत त्याला रोज टोप म्हणतात.

म्हातारबुवा बाहेर आले, गुडघे झटकले आणि एवढंच म्हणाले, "हिला छप्पर होतं. हिला त्याची गरजही होती."

मग मी ते केलं जे लिंकनशरला जाण्याआधी करायला हवं होतं. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे मॉरिसच्या उत्पादनाच्या जुन्या नोंदी आहेत. चासी नंबर आणि फी पाठवली की ते दाखला देतात. गाडी कधी बनली, कुठल्या रंगात, कुठल्या बॉडीत. दाखला आला. दोन दारांची सलून, रोज टोप. पैसे हातातून जाण्याआधी विकणाऱ्यालाच सांगा, दाखला मागवा, फी मी देतो. त्यावर तो काय म्हणतो ते ऐका.

एक गोष्ट मला या सगळ्यात विचित्र लागते. कापाकापी मायनरच्या जन्मातच आहे. तिचा रचनाकार इसिगोनिस, त्याने तिचं पहिलं मॉडेल बनवलं तेव्हा त्याला ते अरुंद वाटलं. त्याने गाडी उभी मधोमध कापायला लावली आणि दोन अर्धुकं हवी तशी दिसेपर्यंत एकमेकांपासून सरकवली. चार इंच. बंपर आधीच बनलेले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरलाही मध्ये चार इंचांचा तुकडा जोडला. 1948 साली ती बाजारात आली आणि पुढे दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली. मॉरिस कंपनीच्या मालकांनी, नफील्डसाहेबांनी, तिला बघून पोच्ड अंडं म्हटलं होतं, ते बाजूला राहू दे. माझी गाडी आडवी कापली गेली, एवढाच फरक.

पुढची धावाधाव थोडक्यात. फोन बंद. जाहिरात गायब. तो पत्ता म्हणजे महिन्याने भाड्याने मिळणारं शेड होतं. लॉगबुकावरच्या 'काकां'नी ती गाडी मोडकळीला आलेली सलून म्हणून आधीच विकून टाकली होती, त्यांना पुतण्या नाही. लॉगबुक हा मालकीचा पुरावा नव्हे, असं त्या कागदावरच छापलेलं असतं. इतक्या वर्षांत मी ते वाक्य पहिल्यांदा नीट वाचलं. वकील म्हणाले, खासगी सौद्यातही खोटं वर्णन करून विकलं तर 1967च्या कायद्याने दावा लागतो, आणि दहा हजार पौंडांच्या आतला म्हणून लहान दाव्यांच्या कोर्टात बसतो. पण नोटीस कुणाच्या दारावर चिकटवायची? पोलिसांकडून तक्रारीचा क्रमांक मिळाला, नंतर तपासाला पुरेशी माहिती नसल्याचं पत्र. विमा कंपनीला मी स्वतःहून कळवलं, कारण अपघात झाला असता तर त्यांनीच शोधून काढलं असतं. त्यांनी पॉलिसीत ठरवलेली गाडीची किंमत रद्द केली आणि अभियंत्याचा अहवाल येईपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही म्हणाले. मी आणली नाही. मुलगी चार वेळा या गाडीत माझ्या शेजारी बसून मोटरवेवरून आली होती, हे डोक्यातून जाईना.

वसंतात म्हातारबुवांनी आणि मी मिळून मजबुतीचे तुकडे मागवले. सिलच्या आतल्या पट्ट्या, खांबांचे कोपरे, डॅशखालचा आडवा. आठ शनिवार लागले. पाटी काढून नवी ठोकली, यावेळी खऱ्या अक्षरांची. लॉगबुक देणाऱ्या खात्यालाही सगळं लिहून कळवलं. आता जॅक लावला की दार लागतं.

गाडी मी ठेवणार नाही. गेल्या महिन्यात जाहिरात टाकली, पहिल्याच ओळीत 'सलून कापून केलेली', किंमत 4,200 पौंड. दुसऱ्या दिवशी एका तरुणाचा फोन आला. गाडीबद्दल त्याने काहीच विचारलं नाही. त्याच्या आजीकडे अशीच उघडी मायनर होती, हिरवीच, ती त्याला त्यातून समुद्रावर न्यायची, हे सांगत राहिला. पैसे आत्ताच पाठवू का म्हणाला.

मी म्हटलं, पैसे राहू द्या. शनिवारी या, सोबत एक लोहचुंबक आणा. जॅक इथे आहे.