पालिकेचं प्रसूतिगृह: लाइन मोठी, पण काउन्सेलर ताई एक नंबर

वहिनीला तिसरा महिना लागला म्हणून आमच्या इथल्या पालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घालायला गेलो, साडेआठला लाइनमध्ये आणि नंबर लागला पावणेबाराला, बाकडी दोन, पंखा एक, तोही नुसता आवाज करणारा. दोन स्टार इथेच कापले.

पण काउन्सेलर ताई, मानलं बुवा. रक्त घ्यायच्या आधी एचआयव्ही टेस्ट कशाला ते नीट सांगितलं, करू का विचारलं, वहिनी घाबरली तर म्हणाल्या, "अगं सगळ्यांचीच करतो, तुझ्यावर संशय नाहीये." आईला एचआयव्ही असेल आणि औषधं नसतील तर बाळाला लागण व्हायचा धोका १५ ते ४५ टक्के, औषधं वेळेत चालू केली तर ५ टक्क्यांच्याही खाली, हे मला तिथेच कळलं.

टेबलावर हे जाडजूड रजिस्टर. म्हटलं एवढं लिहून करता काय? तर म्हणे गरोदर बायका म्हणजे साध्या घरांतल्या बायका, त्यांच्या आकड्यांवरून एकूण लोकांत एचआयव्ही वाढतोय की उतरतोय याचा अंदाज लागतो, शिवाय नॅकोचा (सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) सर्व्हे असतो, ठरलेल्या सेंटरवर ओळीने ४०० जणींचे नमुने, नाव न लावता. मग प्रायव्हेटला जाणाऱ्या बायका यात कुठे आल्या, असं विचारलं तर ताई नुसत्या हसल्या.

रिपोर्ट त्याच दिवशी मिळाला. फक्त नाव ओरडून बोलावतात ते बंद करा राव, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात गोपनीयता लिहिलीये.

आणि पाण्याची बाटली घरून न्या, कूलर बंद आहे.