मर्फी आडनावाची फ्रेम : छपाई सुबक, मजकूर अपुरा

डब्लिनमधल्या भेटवस्तूंच्या एका दुकानातून मी 'मर्फी' आडनावाची फ्रेम घेतली. माहेरचे आडनाव मर्फी असलेल्या माझ्या एका मैत्रिणीला ती द्यायची होती. वर रंगीत कुलचिन्ह आणि खाली आडनावाचा इतिहास, अशी तिची मांडणी आहे. कागद जाड आहे, रंग भडक नाहीत, लाकडी कडाही नीट जुळलेल्या आहेत. तक्रार आहे ती मजकुराबद्दल.

सारे मर्फी एकाच पूर्वजाचे वंशज, असे त्यात लिहिले आहे, आणि ते चूक आहे. मुरखा, म्हणजे समुद्रावरचा योद्धा, हे जुन्या आयर्लंडमधले प्रचलित नाव होते. त्या नावाच्या वेगवेगळ्या पुरुषांपासून वेक्सफर्ड, कॉर्क आणि रॉसकॉमन येथे स्वतंत्र घराणी निघाली आणि इंग्रजी लेखनात ती सगळी 'मर्फी' झाली. देशातले सर्वाधिक आढळणारे आडनाव ते त्यामुळेच ठरले.

कुलचिन्हाचेही तसेच. आयर्लंडमध्ये ते आडनावाला नव्हे, तर व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिले जाते. १९४३ पासून हे काम तिथल्या मुख्य कुलचिन्ह अधिकाऱ्याकडे आहे. शोभेसाठी ते भिंतीवर लावायला हरकत नाही, परंतु 'आपल्या घराण्याचे' म्हणून विकणे मला पटत नाही.

सर्वांत जास्त खटकले ते स्त्रियांचे नसणे. आयरिश भाषेत मर्फी घराण्यातला मुलगा 'ओ मुरखू' असेल, तर मुलगी 'नी वुरखू' होते आणि लग्न होऊन घरात आलेली स्त्री 'ई वुरखू'. आडनाव स्त्रीचे नातेही सांगते, ही या भाषेची किती सुंदर गोष्ट आहे! फ्रेमवर त्याचा एक शब्दही नाही. १९६३ मध्ये आयर्लंडहून सायकलवर भारतापर्यंत आलेल्या, लिसमोर गावच्या प्रवासलेखिका डर्व्हला मर्फींनाही त्यात जागा मिळालेली नाही.

म्हणून ही फ्रेम घेण्याची शिफारस मी करणार नाही. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर १९०१ आणि १९११ च्या जनगणनेतील घरोघरचे अर्ज विनामूल्य पाहता येतात. ते बहुधा कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले असल्यामुळे पूर्वजाचे हस्ताक्षरही हाती लागू शकते, आणि तेच पान छापून चौकटीत बसवावे. मात्र शोधताना परगणा आणि गाव आधी माहीत करून घ्यावे, कारण नुसते 'मर्फी' लिहिले तर हजारो नोंदी समोर येतात.