कोंबड्या कोण नेतं ते बघायला घेतलेला ट्रॅप कॅमेरा, ३ स्टार

कंपनीचं नाव लिहित नाही, पण ६८०० ला मिळतो तो हिरव्या रंगाचा, झाडाला पट्ट्याने बांधायचा. तीन महिने वापरून मग लिहायलोय, डबा उघडल्या उघडल्या पाच स्टार देणाऱ्यातला मी नाही.

आमचा आखाडा किनवट तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला, मागं लगेच सागाचं जंगल. श्रावणात आठ दिवसात ११ गावरान कोंबड्या गेल्या. वर पत्रे, चारी बाजूनी जाळी, कडीला कुलूप आणि सकाळी बघावं तर आत नुसती पिसं अन् जाळीच्या बुडाला भगदाड, माझं डोकं जाईल एवढं. आबा म्हणायले बिबट्या, सालगडी म्हणायला कोल्हा, मला डाऊट शेजारच्या कुत्र्यावर, त्यावरून बांधावर आमची तोंडातोंडी पण झाली. शेवटी पोरानं वैतागून हा कॅमेरा मागवला.

आता कॅमेऱ्याचं. हा अंगाची गरमी आणि हालचाल दोन्हीवर चालू होतो, म्हणून रात्री एक नंबर, पण दिवसा उन्हात गाजरगवत तापून हललं तरी सुरू. पहिल्या दिवशी ६०० च्या वर क्लिपा आल्या, सगळ्यात गाजरगवतच. ते उपटून टाका अन् मगच बांधा. दुसरं म्हणजे पुस्तकात छातीच्या उंचीवर बांधा असं चित्र दिलंय, ते हरणासाठी असेल बहुतेक, आमच्या पहिल्या दोन रात्री तशाच वाया गेल्या, खाली गुडघ्याला आणला तेव्हा चोर दिसला.

रात्री २ वाजून १७ मिनिटं. काळ्या जनावराच्या पाठीवर कुणी पांढरा टॉवेल टाकलाय असं वाटलं आधी. डोक्यापासून शेपटीपर्यंत वरून पांढरट, खाली कुट्ट काळं, फूटभर उंच, आणि चाल अशी की रान याच्याच बापाचं. कान दिसतच नाहीत. पुढच्या पंज्याच्या नख्या खुरप्यासारख्या. २० सेकंदाची क्लिप आहे, माती मागं उडायली धडाधड आणि क्लिप संपेपर्यंत अर्धं जनावर जाळीखाली गेलेलं! मी ती पाचसहा वेळा बघितली, कोंबड्यांचं दुःख विसरून.

वनरक्षक भाऊंना दाखवली तर ते लगेच म्हणाले, चांदी अस्वल. इंग्रजीत हनी बॅजर. आमची आज्जी याला मसण्याऊद म्हणती आणि मसणातली मढी उकरतं म्हणून नाव काढलं तरी थुंकती. नावात अस्वल असलं तरी अस्वलाशी नातं नाही, हे पाणमांजराच्या कुळातलं. मधाची पोळी फोडून आतल्या अळ्यांसकट खातं, पण नुसत्या मधावर जगत नाही, उंदीर, विंचू, साप, नाग सुद्धा खातं. कातडी जाड आणि एवढी सैल की कुत्र्यानं मानगूट धरली तरी आतल्या आत वळून त्यालाच चावतं. शेजारच्या कुत्र्याचा अर्धा कान कुठं गेला ते मला तेव्हा कळलं. मग गेलो, बांधावर चहा घेऊन, काय करता.

गावात लगेच सल्ले सुरू, तारेत करंट सोडा, फासा लावा. भाऊंनी सरळ सांगितलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे वाघासारखंच पहिल्या अनुसूचीत आहे, मारलं तर जेलात जासाल, शिवाय करंटमध्ये उद्या तुमचंच वासरू जाईल. मग आम्ही जाळी जमिनीपाशी बाहेर दोन फूट वाकवून पसरली, वर मोठे दगड. तेव्हापासून दोनदा आलंय, वास घेतं, जाळीच्या कडेला उकरून बघतं, चिडून निघून जातं.

दोन स्टार का कापले ते आता ऐका. दुसऱ्या वेळेस आलं तेव्हा त्यानं कॅमेऱ्याकडं बघितलं, लेन्सला नाक लावलं आणि पुढच्या क्लिपमध्ये नुसतं आभाळ. लाल लाईट रात्री बारीक चमकतात ते जनावराला दिसतंच. सकाळी पट्ट्याच्या चिंध्या आणि झाकणाची क्लिप तुटलेली. कस्टमर केअरला फोन केला, पाऊण तास गाणं ऐकवून बाई म्हणती, सर, प्राण्यांनी केलेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो मग हा कॅमेरा काय लग्नात लावायला काढलाय का?

पट्ट्याच्या जागी बैलाचा कासरा बांधलाय, झाकणाला सायकलचं रबर. अजून चालू आहे. सेल डब्यात येत नाहीत आणि एकदम आठ लागतात, आधीच आणून ठेवा.