पानं कमी म्हणून लवकर संपेल असं नाही : चार कादंबऱ्या, आधी कोणती?

महिनाभरात चार इंग्रजी कादंबऱ्या वाचून झाल्या, चारही २०२१ ते २०२४ या काळात आलेल्या. चारही आवडल्या. पण आधी कोणती घ्यावी हे ठरवताना पानं मोजू नका. यातल्या दोन अगदी बारीक आहेत. एक मी एका बैठकीत संपवली, दुसरीला आठवडा लागला.

एका बैठकीतली म्हणजे क्लेअर कीगन यांची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’. १९८५चा नाताळ तोंडावर आलाय, आयर्लंडमधलं न्यू रॉस गाव, आणि बिल फर्लाँग हा कोळसा-लाकूड विकणारा, पाच मुलींचा बाप. नन्सच्या मठात, कॉन्व्हेंटमध्ये, कोळसा पोचवायला जातो, कोठार उघडतो, तर आत एक मुलगी कोंडलेली. ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या मुलींना राबवून घेणाऱ्या मॅग्डलेन लॉन्ड्री (कॉन्व्हेंटमधली धुलाईघरं) आयर्लंडमध्ये खरोखरच होत्या. शेवटची १९९६मध्ये बंद झाली. एवढा विषय असून कीगन कुठंही आवाज चढवत नाहीत. फर्लाँगची बायको त्याला काणाडोळा करायला सांगते, आणि तिचं म्हणणं आपल्याला पटतं. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. ही तुकड्यातुकड्याने वाचू नका, ताण निसटतो.

सामंथा हार्वी यांची ‘ऑर्बिटल’ (२०२४चं बुकर पारितोषिक) नेमकी उलट. अवकाश स्थानकात सहा जण, एका दिवसात पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. कथानक शोधाल तर हाती फारसं लागणार नाही. त्यांच्यातल्या चिएला आई गेल्याची बातमी वर असताना कळते. अंत्यविधीला जाणं शक्यच नाही. खाली एक चक्रीवादळ फिलिपिन्सकडे सरकतंय आणि वरून ते सुंदर दिसतं. एका वेळी दोन फेऱ्या वाचल्या की पुरे. सलग वाचायला गेले तेव्हा मला वर्णनं एकमेकांत मिसळल्यासारखी वाटली.

पॉल लिंच यांच्या ‘प्रॉफेट साँग’ला २०२३चं बुकर मिळालं. डब्लिनमधल्या एका घराच्या दारावर रात्री थाप पडते, दोन पोलीस आयलिश या बाईच्या नवऱ्याची चौकशी करतात; तो शिक्षक संघटनेचा पदाधिकारी. मग सरकार देशावरची पकड हळूहळू आवळत जातं. फर्लाँगला जे दिसतं त्याचं पुढे काय करायचं हा त्याचा पेच. इथे आयलिशला चार मुलांसह, म्हाताऱ्या बापाला सोडून निघायचं कधी, हेच ठरवता येत नाही. परिच्छेद नाहीत, संवादाला अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे पुस्तक मिटायला जागाच सापडत नाही. मन आधीच थकलेलं असेल तर सध्या बाजूला ठेवा, पण सोडू नका.

पहिली कोणती, असं विचाराल तर पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ (२०२५चं पुलित्झर पारितोषिक). त्या दोन बारीक कादंबऱ्यांपेक्षा बरीच जाड, तरी मला तीनच बैठका पुरल्या. मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनची गोष्ट इथे गुलाम जिम, म्हणजेच जेम्स, सांगतो. मूळ पुस्तक वाचलेलं नसलं तरी काही अडत नाही. सुरुवातीलाच तो मुलांना गोऱ्यांपुढे अडाणी बोली कशी बोलायची ते शिकवतो. मालकिणीच्या स्वयंपाकघरात आग लागली तर काय म्हणाल? ‘आग, आग’ म्हटलं की चुकलं. नुसतं तिकडे बघायला लावायचं, संकटाचं नाव तिला घेऊ द्यायचं. हे वाचून मी मागे जाऊन प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आपसात ही माणसं स्वच्छ, नेमकं बोलतात; गोऱ्याची चाहूल लागली की भाषा बदलते. पुढे जेम्सला लिहायला एक पेन्सिलीचा तुकडा मिळतो आणि त्याची किंमत दुसराच एक गुलाम मोजतो. त्या प्रकरणापर्यंत पोचलात की त्या दिवशी दुसरं काही हातात घेऊ नका.