टेलिस्कोपच्या आरशाचं रीकोटिंग करून घेताय? आधी हे वाचा

माझा ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या स्टँडवरचा आरशाचा टेलिस्कोप), आरसा स्वतः घासलेला, कार्बोरंडमच्या घासायच्या पावडरीपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत पाच महिने गेले होते त्यात. डोंबिवलीतले पावसाळे खाऊन कोटिंगवर, म्हणजे काचेवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत थरावर, बुरशीचे डाग पडले आणि बारीक भोकं, उजेडासमोर धरला की आरशातच चांदण्या.

ओळखीच्या ओळखीतून एक कोटिंगवाला मिळाला. "सर व्हॅक्युममध्येच करतो, टेलिस्कोपचे कितीतरी केलेत, वर क्वार्ट्झचा थर देतो, दहा वर्षं बघायला नको." ४,५०० रुपये, सगळे आधी, बिल नाही. इथेच शहाणं व्हायला हवं होतं पण रीकोटिंग करणारे मिळतात कुठे पटकन, म्हणून दिले.

आठवड्यात आरसा आला तो इतका चकाचक की बायको म्हणाली बाथरूममध्ये लावू या का. अंधारं आकाश मिळतं म्हणून वांगणीला नेला, गुरूवर लावला, तर गुरूचं पिठलं. पट्टे गायब. कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) तीनदा केलं, आरसा थंड व्हायला तासभर थांबलो, काही फरक नाही. मग एक तारा जरा फोकसबाहेर नेला, तिथे गोल कड्या दिसायला हव्यात, दिसले वेडेवाकडे ओघळ.

आरसे घासताना ओळख झालेल्या एका काकांनी कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून कडेला टेकवला. कड चिकट झाली आणि चमक बोळ्यावर उतरली! अ‍ॅल्युमिनियम काय, क्वार्ट्झ काय, अ‍ॅसिटोनला दाद देत नाहीत. हे लॅकर होतं, म्हणजे पारदर्शक वार्निश. हेडलाईटचे रिफ्लेक्टर, सेंटच्या बाटल्यांची झाकणं करतात तसं, खाली लॅकर, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, वर परत लॅकर. व्हॅक्युम खरा होता हो, खोटं बाकीचं. आपल्या आरशावर अ‍ॅल्युमिनियमचा थर जेमतेम १०० नॅनोमीटरचा आणि काचेचा आकारही साधारण तेवढ्याच हिशोबात बरोबर लागतो, त्यावर कित्येक मायक्रॉनचं लॅकर फवारलं की पाच महिने घासून आणलेला पॅराबोला, म्हणजे आरशाचा नेमका खोलगट आकार, गेला त्याखाली.

फोन केला तर म्हणतो, "सर चमकतोय की नाही ते सांगा, चमक नसेल तर पैसे परत."

अ‍ॅसिटोन आणि फेरिक क्लोराईडने सगळं काढलं, काच वाचली. परवा दुसऱ्याकडे गेलो, म्हटलं आरशाबरोबर चेंबरमध्ये साध्या काचेचा एक तुकडा पण ठेवा, अ‍ॅसिटोन त्याच्यावर लावून बघतो आणि मग पैसे. नको म्हणाला. आरसा काखेत मारून घरी आलो.