शब्दसंख्या ९,१०० आणि दोन ओळींचा मेल: व्होकॅब्युलरी साइझ टेस्ट नऊ महिने वापरून

एचआरच्या बाईंना पहिल्याच दिवशी आकडा हवा होता. "आधी प्रत्येकाची पातळी लिहून द्या, वर्ग संपताना परत मोजू." मी चीनमधल्या सूचौतल्या एका कारखान्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी शिकवते. वर्गात अकरा जण, खरेदी, क्वालिटी आणि डिझाइनमधले, पंचविशी ते चाळिशीतले. सगळे मँडरिनमध्ये शिकलेले. त्यांचं कामाचं इंग्रजी म्हणजे मेल, ड्रॉइंगवरच्या नोंदी आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारी. इंग्रजी बोलायची हौस फारशी कुणाला नव्हती. मेल नीट वाचता यावा, एवढंच मागणं.

मी निवडली व्होकॅब्युलरी साइझ टेस्ट. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचे पॉल नेशन आणि त्यांच्याबरोबर डेव्हिड बेग्लर यांनी ती २००७ मध्ये मांडली. शिक्षकांना फुकट वापरता येते आणि पर्याय मँडरिनमध्ये असलेली आवृत्तीही मिळते. रचना साधी आहे. जास्त वापरातल्या शब्दांपासून कमी वापरातल्यांपर्यंत हजाराहजाराचे १४ थर, प्रत्येक थरातून १० शब्द, एकूण १४० प्रश्न. शब्दासोबत एक कोरडं वाक्य, मुद्दाम इतकं कोरडं की त्यावरून अर्थाचा अंदाज येऊ नये. खाली चार पर्याय. बरोबर उत्तरांना १०० ने गुणायचं, की झाली शब्दसंख्या. इथे एक शब्द म्हणजे त्याचं अख्खं कुटुंब, म्हणजे केअर, केअरफुल, केअरलेस मिळून एकच. माझ्या वर्गात एकाला केअर येत होतं आणि केअरलेस म्हणजे 'कमी काळजी' वाटत होतं, पण टेस्टच्या लेखी त्याच्या घरचे सगळे हजर.

सगळ्यांची परीक्षा पाऊण तासात उरकली. सर्वात जास्त आले डिझाइनमधल्या एका इंजिनिअरला, ९१. म्हणजे ९,१००. मी खूश, एचआर खूश. नेशन यांनीच २००६ मध्ये केलेला हिशेब असा, की कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायचं तर साधारण ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं लागतात, तेव्हा मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे होतात. आमचा गडी काठावरून का होईना, पलीकडे गेला होता.

तीन आठवड्यांनी याच गड्याला एका गिऱ्हाइकाचा मेल आला. दोन ओळी. त्यातली पहिली: "वी हॅव यट टु रिसीव्ह द रिव्हाइज्ड ड्रॉइंग." त्याने वाचलं, की सुधारलेलं ड्रॉइंग त्यांना मिळालं. रिसीव्ह आहे, ड्रॉइंग आहे, हॅव आहे, मग मिळालंच की! तो निवांत, तिकडे गिऱ्हाईक ड्रॉइंगची वाट बघतंय. चार दिवस गेले आणि मग फोन आला. त्या ओळीतला एकही शब्द त्याला न येणारा नव्हता. हॅव, यट, टु हे तर पहिल्याच थरातले. तिन्ही एकत्र आले की अर्थ उलटा होतो, आणि हे शब्द सुटे विचारणाऱ्या कुठल्याच टेस्टमध्ये येत नाही.

त्या दिवसापासून मी या टेस्टकडे जरा तिरक्या नजरेने बघायला लागले.

पहिली गोष्ट साध्या गणिताची. चार पर्याय आणि १४० प्रश्न. डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी ३५ बरोबर येतील, म्हणजे एकही शब्द न येणाऱ्याच्या नावावर ३,५०० शब्दकुटुंबं! आणि चिनी परीक्षार्थी उत्तर कोरं ठेवत नाही. शाळेपासून गाओकाओपर्यंत (ही त्यांची कॉलेजप्रवेशाची परीक्षा) त्यांना शिकवलेलं असतं, की रिकामी जागा म्हणजे हातचा गुण घालवणं. मी पहिल्या वेळी "येत नसेल तर सोडून द्या" म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या, कुणी एकही सोडला नाही. दुसऱ्या वेळी प्रत्येक प्रश्नाला 'माहीत नाही' असा पाचवा पर्याय स्वतः जोडून छापला आणि सांगितलं, की खोटी खूण सापडली तर चहा तुमच्याकडून. तेव्हा कुठे प्रत्येकाचे दहा-बारा गुण उतरले.

दुसरी गोष्ट पर्यायांच्या भाषेची. मी निम्म्या वर्गाला पूर्ण इंग्रजी आवृत्ती देऊन पाहिली होती. तिथे शब्द ओळखीचा असूनही खालची व्याख्या कळली नाही म्हणून चुकणारे निघाले. मँडरिन पर्यायांत ती अडचण नाही, शब्द येतो की नाही एवढंच तपासलं जातं. पण चिनी शब्द स्वतःच पुष्कळ बोलतात. जिराफाला छांग-चिंग-लू म्हणतात, लांब-मान-हरीण. ल्युकेमियाला बाय-श्वे-बिंग, पांढऱ्या-रक्ताचा-आजार. चार पर्यायांत असा एखादा शब्द आला की इंग्रजी शब्द अर्धवट आठवणाराही तिथे बरोबर पोहोचतो. तरी शिकवणाऱ्यांना माझा सल्ला मँडरिन आवृत्तीचाच. निदान काय मोजतोय ते ठाऊक असतं.

आपल्यासारखी उसनी शिदोरीही त्यांच्याकडे नाही. आपल्या घरातल्या इंग्रजी न शिकलेल्या आजीलाही मोबाइल, टीव्ही, कॅन्सल, ॲडमिशन हे शब्द फुकटात मिळालेले असतात. तिकडे मोबाइल म्हणजे शोऊ-जी, हातयंत्र. कॉम्प्युटर म्हणजे द्येन-नाओ, विजेचा मेंदू. खा-फेय आणि शा-फा असे थोडे आहेत, पण मोजकेच. बाकी प्रत्येक शब्द पाठ करून मिळवलेला. पाठ करण्याला ते 'बेई' म्हणतात, आणि पाठीवर ओझं वाहायलाही तेच चित्राक्षर लिहितात. एबीसीच्या क्रमाने लावलेली शब्दयादी हातात घ्यायची आणि पहिल्या पानापासून सुरुवात. पहिला शब्द असतो अबॅन्डन, सोडून देणे. पुष्कळांचा अभ्यास तिथेच सुटतो, हा चिनी विद्यार्थ्यांचा जुना विनोद, आणि माझ्या वर्गात तो दर नव्या वहीबरोबर एकदा होतोच.

यादीतून पाठ केलेल्या शब्दाला एकच अर्थ चिकटलेला असतो. सब्जेक्ट म्हणजे विषय. "शिपमेंट इज सब्जेक्ट टु इन्स्पेक्शन" आलं, की शिपमेंटचा विषय तपासणी. यासाठी त्यांच्या परीक्षेच्या जगात खास नाव आहे, शू-त्स शंग-ई, ओळखीचा शब्द आणि अनोळखी अर्थ. आजार इतका सर्रास की त्याचं बारसं झालेलं आहे. टेस्टमध्ये मात्र एका शब्दाचा एकच अर्थ विचारतात.

आता तो मुद्दा, जो मला वाटतं मराठी माणसाला चटकन दिसतो. क्वालिटीमधल्या एका बाईंनी प्रिंटआउटवर प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने चिनी अक्षरं लिहिली होती, सगळी बरोबर. वाक्य होतं: "द पार्ट द कस्टमर रिटर्न्ड लास्ट मंथ हॅज फेल्ड अगेन." विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, पार्टने कस्टमर परत पाठवला. चिनीत नामाचं सगळं वर्णन नामाच्या आधी येतं. वो त्स्वो-थ्येन माय द शू, म्हणजे मी-काल-घेतलेलं-पुस्तक, शब्दाला शब्द मराठी. त्यांचा तो 'द' म्हणजे आपलं 'लेलं'. इंग्रजीत पुस्तक आधी येतं आणि वर्णन मागून लटकतं, त्यातही जोडणारा दॅट गाळलेला असला की वाचणारा पुरता फसतो. मी फळ्यावर देवनागरीत 'कस्टमरने गेल्या महिन्यात परत पाठवलेला पार्ट' लिहिलं आणि खाली एकेका तुकड्याचा क्रम बाणांनी दाखवला. देवनागरी कुणालाच येत नव्हती, पण बाण सगळ्यांना कळले. पुढचे दोन आठवडे आम्ही दुसरं काही केलं नाही. इंग्रजी वाक्य घ्यायचं, नाम शोधायचं, त्याच्या मागचं शेपूट कुठे संपतं तिथे उभी रेघ मारायची.

वाचन मोजायचं कसं, हा प्रश्न मात्र उरलाच. इथल्या कॉलेजांतली इंग्रजीची चार-स्तर आणि सहा-स्तर परीक्षा (स्स-जी आणि ल्यो-जी) वर्गातल्या बहुतेकांनी दिलेली. एकूण ७१० गुण, ४२५ म्हणजे पास असं सगळे धरून चालतात. वाचनाला ३५ टक्के. त्यात एक प्रकार १५ शब्दांतून १० रिकाम्या जागा भरायचा, एक विधानं परिच्छेदांशी जुळवायचा आणि शेवटी नेहमीचे उतारे-प्रश्न. मी जुन्या धर्तीवर उतारे बनवून दिले तर मंडळी आधी प्रश्न वाचतात, प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात शोधतात, त्याच्या आगेमागे दोन ओळी पाहतात आणि खूण करतात. पाचपैकी चार बरोबर. मग कागद उलटा करून विचारलं, लेखक कशावर चिडलाय? शांतता. (बारावीला इंग्रजीत ८२ मिळवून पुण्यात पहिल्या इंटरव्ह्यूला माझीही अशीच बोबडी वळली होती, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही.)

म्हणून ऑक्टोबरपासून प्रश्नच बंद केले. दीडशे-दोनशे शब्दांचा मेल किंवा बातमी वाचायची, कागद पालथा घालायचा आणि काय वाचलं ते मँडरिनमध्ये सांगायचं. मी मजकुराचे आधीच बारा-पंधरा मुद्दे पाडून ठेवते आणि आलेल्या मुद्द्यांवर टिचकी मारत जाते. माझं मँडरिन यथातथाच, त्यामुळे सोबत खरेदीतल्या एकाला बसवते. वेळखाऊ आहे, एकाला दहा मिनिटं लागतात. पण ९,१०० वाल्याने पहिल्या वेळी चौदापैकी पाचच मुद्दे सांगितले आणि ६,४०० वाल्या क्वालिटीच्या बाईंनी नऊ सांगितले. शब्द कमी, पण त्या रोज गिऱ्हाइकाचे मेल वाचतात.

जानेवारीत मी दुसरी टेस्टही आणली, व्होकॅब्युलरी लेव्हल्स टेस्टची २०१७ ची नवी आवृत्ती, वेब, सासाओ आणि बॅलन्स यांची. तिच्यात फक्त पहिले पाच हजार शब्द, हजाराला ३० प्रश्न. पहिल्या तीन थरांत ३० पैकी २९ आले तरच तो थर पक्का धरायचा. इथे मोठमोठे आकडे मिळत नाहीत, भोकं दिसतात. आमच्या हिरोला दुसऱ्या हजारात २६ आले. चेहरा पडला, पण त्या चार शब्दांची यादी त्याने त्याच दिवशी वीचॅटवर मागून घेतली.

गुण जाहीर करू नका, हे मात्र मी स्वतः चुकून शिकले. पहिल्या टेस्टनंतर आकडे ग्रुपवर टाकले आणि सर्वात कमी असलेल्या मुलाने दोन आठवडे तोंड दाखवलं नाही. आता प्रत्येकाला वेगळा निरोप जातो.

जूनमध्ये एचआरसाठी १४० प्रश्न परत घेतले, तुलना व्हावी म्हणून जुन्याच चार पर्यायांसह. इंजिनिअरला ९४. अंदाजाच्या खुणा धरल्या तर तीन गुणांचा फरक म्हणजे काहीच नाही. मेल सांगण्यात मात्र चौदापैकी अकरा. एचआरच्या फॉर्मवर एकच रकाना होता, 'शब्दसंख्या'. मी त्यात ९,४०० लिहिलं आणि मुद्द्यांचा कागद पिन मारून जोडला. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

पुढच्या बॅचला मी १४० प्रश्नांची टेस्ट एकदाच घेईन, पहिल्या आठवड्यात, 'माहीत नाही' जोडून. बाकी लेव्हल्स टेस्ट आणि मेल सांगणं. साइझ टेस्टच्या भाषांच्या यादीत गुजराती आणि तमिळ दिसल्या, मराठी शोधली तर दिसली नाही. कुणी करायला घेतलीच, तर त्यांच्यासाठी माझी आत्तापासून एकच शंका: 'टेबल'च्या चार पर्यायांत बरोबर उत्तर म्हणून छापणार काय?