नोकरी सांभाळून आयरिश वारसा: क्लब, संगीत की भाषा?

आयर्लंडमध्ये पूर्णवेळ नोकरी करून उरलेल्या संध्याकाळी तिथल्या वारशाला द्यायच्या म्हटलं, तर मुख्यतः तीन दारं समोर येतात. गावोगावचे जीएए (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे आयरिश खेळांची संघटना) क्लब, कोलतस या संस्थेच्या शाखांमधलं पारंपरिक संगीत, आणि आयरिश भाषेसाठी काम करणारी कॉन्रा न गेल्गे. हा आढावा खास करून ज्यांच्या घराची एक बाजू आयरिश आहे त्यांच्यासाठी. अशी घरं आता नवलाची नाहीत. दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर हे मुंबईहून आलेल्या डॉक्टरांचे आणि वॉटरफर्डकडच्या परिचारिकेचे चिरंजीव.

तिघांत जास्त अस्सल काय, यावर मी वेळ घालवणार नाही. तुमची नोकरी कसला वेळ शिल्लक ठेवते, ते बघा.

जीएए क्लबला ठरलेला वेळ लागतो आणि तो तुम्ही ठरवत नाही. 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरी परगण्यातल्या थर्ल्समध्ये एका हॉटेलात ही संघटना स्थापन झाली. हर्लिंग (काठी-चेंडूचा खेळ) आणि गेलिक फुटबॉल (यात चेंडू हातानेही धरता येतो) हे तिचे मुख्य खेळ, आणि आजही खेळाडूंना पगार नाही. डब्लिनमधल्या 82,300 प्रेक्षकांच्या क्रोक पार्क मैदानावर अंतिम सामना खेळलेला माणूस त्याच आठवड्यात वर्गात शिकवायला किंवा दवाखान्यात हजर असतो. जॅक मॅकॅफ्री हा डब्लिनचा खेळाडू 2015 साली वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. पेशाने तो डॉक्टर. त्याच्याआधीचा दाखला जॅक लिंच यांचा. 1941 ते 1946 अशी सलग सहा वर्षं त्यांनी कॉर्कसाठी अखिल आयर्लंड पदकं जिंकली, पाच हर्लिंगची आणि एक फुटबॉलचं. त्याच काळात सरकारी नोकरी करत कायदा शिकून 1945 मध्ये ते बॅरिस्टर झाले, आणि पुढे पंतप्रधान.

मात्र लिंच यांचं नाव घेऊन कुणी तुम्हाला भरीस घालत असेल तर जरा थांबा. परगण्याच्या संघातली आजची तयारी जवळजवळ दुसऱ्या नोकरीएवढी आहे. साध्या क्लबात आठवड्याला दोन संध्याकाळी सराव आणि सुट्टीच्या दिवशी सामना एवढं धरून चाला. शिवाय क्लब म्हणजे पॅरिश, म्हणजे गाव. नोकरी डब्लिनला आणि क्लब पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात, असे कित्येक तरुण सरावासाठी तीन-तीन तास गाडी हाकतात. शहरातल्या क्लबात नोंदणी बदलून घेता येते, पण गावाकडचा पंधरा जणांचा संघच अकरा-बारांवर आला असेल तर तो अर्ज भरताना हात अडखळतो. करिअर आणि वारसा यांची खरी ओढाताण इथेच दिसते. दुसरी दोन दारं एवढं मागत नाहीत.

न खेळताही क्लबात शिरता येतं, आणि बाहेरून आलेल्यासाठी तोच सोपा रस्ता. आपल्याकडच्या गणेश मंडळासारखंच आहे: हिशोब ठेवणारा, मैदान आखणारा, चहा करणारा, सगळे हवे असतात. हिशोबतपासनीस किंवा वकील असाल तर समिती तुम्हाला सहजी सोडायची नाही. मुलांना शिकवायचं असेल तर आधी पोलिसांकडून पार्श्वभूमीची तपासणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. ही तयारी वेळेवर सुरू केलेली बरी.

संगीताचं गणित उलटं. कोलतसची स्थापना 1951 साली झाली आणि मलिंगरमधला पहिला 'फ्ला', म्हणजे संगीत महोत्सवही त्याच वर्षीचा. इथे लागणारा वेळ एकट्याचा असतो. रात्री घरी, दार लावून, तीच धून पुन्हा पुन्हा. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला हे जमतं. टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची साधी बासरी, काही युरोंत मिळते. इलन पाइप्सच्या (कोपराने भाता दाबून वाजवायच्या आयरिश बॅगपाइपच्या) वाटेला सुरुवातीला जाऊ नका, महाग आणि शिकायला अवघड. अडचण एकच, लोकांत मिसळायला उशीर लागतो. पबमधलं सेशन, म्हणजे वादकांची एकत्र बैठक, सगळ्यांसाठी खुलं दिसलं तरी त्याचे अलिखित नियम असतात. धून येत नसेल तर वाद्य मांडीवर ठेवून ऐकायचं, आणि एक बौरॉन (हातात धरायचा डफासारखा ढोल) वाजत असताना दुसरा काढायचा नाही. नवख्यांसाठी संथ लयीची सेशन्स असतात, तिथून सुरुवात करा. ज्याला मुळात वाद्याची आवड नाही त्याने केवळ वारसा म्हणून यात पडू नये असं माझं मत.

भाषेचं दार मराठी माणसाला सगळ्यात कठीण वाटतं. माझ्या मते ते नोकरदाराला सगळ्यात सोयीचं. वर्ग ऑनलाइनही असतात, मार्चच्या 1 ते 17 तारखांना आयरिश भाषेचा उत्सव असतो, आणि चुकत बोललात तरी कोणी हसत नाही, कारण समोरचाही बहुधा शाळेनंतर विसरलेलाच असतो. 2022 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 74 हजार लोकांनी आयरिश येतं असं सांगितलं, पण शिक्षणाबाहेर रोज बोलणारे जेमतेम 72 हजार. करिअरला थेट हातभार लावणारं तिघांत हेच एक. 2021 च्या कायद्याने 2030 अखेरपर्यंत सरकारी सेवेतल्या नव्या भरतीत 20 टक्के उमेदवार आयरिश जाणणारे असावेत असं उद्दिष्ट ठेवलं आहे. प्राथमिक शाळेत कायम शिक्षक व्हायचं तर परदेशात शिकलेल्यांनाही आयरिशची अट पूर्ण करावी लागते. खासगी कंपनीत मात्र याचा उपयोग शून्याच्या जवळ, तेव्हा बढतीच्या आशेने शिकू नका.

तिन्हींत एकदम उडी घेणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. 1893 साली कॉन्रा न गेल्गे ही भाषा संस्था उभी करणाऱ्यांपैकी डग्लस हाइड हे प्राध्यापक, पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि जीएएचे आश्रयदाते. 1938 मध्ये राष्ट्राध्यक्ष या नात्याने ते सॉकरचा सामना बघायला गेले, आणि 'परक्या' खेळांवरच्या बंदीखाली (सदस्यांनी सॉकरसारखे खेळ खेळायचे नाहीत, बघायचेही नाहीत) जीएएने त्यांना आश्रयदातेपदावरून काढलं! ती बंदी 1971 साली उठली.

तेव्हा, मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर फार विचार न करता क्लब. त्यांना मित्र मिळतात आणि तुम्हालाही, मैदानाच्या कडेला उभं राहून. रात्रपाळी किंवा ऑन-कॉल ड्युटी असेल तर भाषा, आणि हात शिवशिवत असतील तर जोडीला व्हिसल. दर दोन वर्षांनी बदलीचं काम असेल तर क्लबात खेळाडू म्हणून नाव घालण्यापूर्वी दोनदा विचार करा. समितीतला खजिनदार बदलता येतो, पंधरा जणांच्या संघातला गोलकीपर हंगामाच्या मध्यावर गेला तर गाव लक्षात ठेवतं.